सात मिशन आणि एक हरवलेली चावी: ‘थीफ २’च्या फॅन मिशन स्पर्धेचे प्रकरण

पार्श्वभूमी

लुकिंग ग्लास स्टुडिओजचा ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ १९९८ च्या अखेरीस आला आणि ‘थीफ २: द मेटल एज’ मार्च २००० मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीला टाळे लागले. ज्या एडिटरमध्ये या गेमची मिशन, म्हणजे एकेक खेळायचे टप्पे, बनवली होती तो ड्रोमएड मात्र तोवर खेळणाऱ्यांच्या हाती आला होता. १९९९ च्या ‘थीफ गोल्ड’बरोबर तो दिलेलाच होता. तेव्हापासून आजपर्यंत लोक स्वतःची मिशन बनवून फुकट वाटत आले आहेत.

हा गेम न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. नायक चोर आहे आणि तलवारबाजीत कच्चा. अंधार हीच त्याची ढाल. आपण किती दिसतो हे पडद्याच्या तळाशी असलेला प्रकाशमणी सांगतो. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, फरशीवर वाजते, लोखंडी जाळीवर तर पुढच्या खोलीतला पहारेकरी मान वळवतो. पाण्याच्या बाणाने मशाल विझते, पण ‘थीफ २’मधला विजेचा दिवा विझत नाही. त्यामुळे मिशन बनवणे म्हणजे नुसत्या भिंती उभारणे नव्हे. प्रकाश कुठे पडतो, आवाज कुठवर जातो आणि पहारेकरी कोणत्या वाटेने फिरतो, या तिन्हींचे गणित जुळवावे लागते.

या प्रकरणातली स्पर्धा तिघांनी मिळून भरवली. त्यांना अ, ब आणि क म्हणू. अ यांनी बरीच मिशन बनवली होती आणि त्यांच्या शब्दाला मान होता. ब तांत्रिक बाजू बघत. क या वर्तुळात नव्याने आलेल्या, पण मतमोजणी आणि पत्रव्यवहार त्यांनीच ओढून नेला. मी चाचणी करणाऱ्यांमध्ये होतो, स्पर्धेत नव्हतो. ओळख पटू नये म्हणून मिशनांची नावे आणि कथानके गाळली आहेत.

अडचण

दिसणारी अडचण एक होती आणि तिच्यामागे दडलेली दुसरी.

दिसणारी अशी: लोक मिशन सुरू करतात, पूर्ण करत नाहीत. २०१२ मध्ये कुणा अनामिकाने न्यूडार्क हा पॅच, म्हणजे सुधारणांची भर, सोडला आणि गेम चालवणाऱ्या जुन्या इंजिनच्या बऱ्याच मर्यादा उठल्या. आधी एका मिशनमध्ये एक वाडा बसवताना दमछाक व्हायची, आता अख्खे शहर उभारता येऊ लागले. त्यात फसवे काही नाही, पण शहर उभारायला लागलेला माणूस एकटा असतो, त्याला नोकरी असते आणि दोन वर्षांनी त्याचा उत्साह ओसरतो. मोठी कामे होतच नाहीत असे नाही. २००५ मध्ये चाहत्यांनी ‘शॅडोज ऑफ द मेटल एज’ ही तेरा मिशनांची मोहीम पूर्ण करून दाखवली होती. पण तिच्यामागे एक टोळी होती. एकट्यादुकट्याची अर्धवट शहरे हार्डडिस्कवर पडून राहतात. स्पर्धेची मूळ कल्पना एवढीच होती: लहान करा, पण पूर्ण करा.

दडलेली अडचण चाचणीची. एका मिशनला नॉर्मल, हार्ड आणि एक्स्पर्ट अशा तीन पातळ्या असतात. त्यातही खेळायच्या तऱ्हा वेगळ्या. एकजण दिसेल त्याच्या डोक्यात सोटा घालून सगळ्यांना बेशुद्ध करतो आणि मग निवांत लुटतो. त्याला पहारेकऱ्यांच्या फेऱ्यांतली चूक कधी कळतच नाही, कारण फेऱ्या मारायला कुणी शुद्धीवर उरलेलेच नसते. दुसरा घोस्टिंग करतो, म्हणजे कुणाला संशयही येऊ न देता जातो. एखादा दिवा चुकीच्या जागी असला तर तो त्यालाच खुपतो. दोघांनी तिन्ही पातळ्यांवर खेळल्याशिवाय मिशन तपासले असे म्हणता येत नाही. आणि हे करू शकणारी माणसे मोजकी. तीच मिशन बनवतात, तीच खेळतात, मतेही तीच देतात. ज्याने चाचणी केली त्याला गुप्त दरवाजा कुठे आहे हे ठाऊक असते. पहिल्या खेळाची मजा त्याला पुन्हा मिळत नाही आणि त्याचे मतही मग तसे ताजे राहत नाही. नियम लिहायला बसलेल्या तिघांना पहिली अडचण पुरती दिसत होती. दुसरी त्यांनी एका ओळीत उरकली: ‘चाचणीची जबाबदारी स्पर्धकाची.’

पहिला निर्णय: मर्यादा कशाची?

लहान मिशन म्हणजे नेमके केवढे? चार सूचना आल्या. एक, फक्त विषय द्यावा (‘एका रात्रीत एकच इमारत’) आणि बाकी विवेकावर सोडावे. दोन, वस्तूंच्या संख्येवर मर्यादा. तीन, कमी मुदत, म्हणजे आपोआप लहान होईल. चार, बांधकाम एका ठरावीक घनाच्या आत.

विषयाची सूचना लगेच बाद झाली. ‘एकच इमारत’ म्हणून कुणी राजवाडा बांधला तर त्याला अडवणार कसे? वस्तूंच्या संख्येवर मर्यादा घातली की लोक मेणबत्त्या आणि पुस्तके काढून टाकतात, खोल्या ओक्याबोक्या दिसतात आणि आकार होता तेवढाच राहतो. कमी मुदतीला अ यांचा ठाम विरोध होता. घाईत प्रकाशयोजना बिघडते आणि या गेममध्ये प्रकाश बिघडला की सगळेच बिघडते, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते.

घन उरला. तो एडिटरमध्ये मोजता येतो, वाद घालायला जागा राहत नाही आणि बंधनातून काहीतरी नवे सुचते. आडवे पसरता येत नसल्याने लोक उभे बांधू लागतात: पोटमाळे, विहिरी, नळ्या, छपरावरून छपरावर जाणाऱ्या तुळया. दोरीच्या बाणाचा खरा उपयोग अशा मिशनमध्येच होतो. सहा महिन्यांची मुदत आणि घनाची मर्यादा असे ठरले.

वाद घालायला जागा राहत नाही हा समज तीन आठवडे टिकला. ड्रोमएडमध्ये काम करणाऱ्यांना ब्लू रूम माहीत असते: नकाशाच्या एका कोपऱ्यात, खेळाडू कधीच पोचणार नाही अशी खोली. नंतर अवतरणारा पहारेकरी, वेळ आल्यावर हवी असलेली वस्तू असे सगळे तिथे ठेवून द्यायचे. एका स्पर्धकाने विचारले, ‘ब्लू रूम घनात मोजायची का?’ ब यांनी सरळ उत्तर दिले की नाही, कारण खेळाडू तिथे जात नाही. दोन दिवसांत दुसरा प्रश्न आला: खेळाडूला एका क्षणात घनाबाहेरच्या दुसऱ्या खोलीत नेले, तर ती खोली मोजायची का?

प्रश्न खोडसाळ नव्हता. स्वप्नातला प्रसंग दाखवायला ही युक्ती जुनी आहे. पण मुभा दिली तर घनाला अर्थ उरत नव्हता. नियमात दुरुस्ती झाली: खेळाडू जिथे उभा राहू शकतो ती प्रत्येक जागा घनात हवी, बाकीचे बाहेर चालेल. ही व्याख्या चांगली आहे, कारण ती भिंतींपासून सुरू न होता खेळाडूपासून सुरू होते. पण तोवर एकाने स्वप्नाची खोली बांधून टाकली होती. ती त्याला पाडावी लागली. तो स्पर्धेत राहिला, मात्र पुढच्या प्रत्येक खुलाशावर त्याची तिरकस टिप्पणी ठरलेली असे.

दुसरा निर्णय: नावे झाकायची का?

हा निर्णय फार वेळ न दवडता झाला आणि फार टिकलाही नाही. निकाल लागेपर्यंत निर्मात्यांची नावे झाकायचे ठरले. मिशन बाहेर पडल्यावर पहिल्याच दोन-तीन दिवसांत निम्मी ओळखली गेली. कुणाच्या पहारेकऱ्यांच्या पत्रांत ठरावीक विनोद असतो, कुणाला निळसर चांदणे सोडवत नाही, कुणाचा आवाज आधीच्या कामातून कानात बसलेला असतो. फायदा नवख्यांना झाला. त्यांचे नाव कुणालाच माहीत नव्हते, त्यामुळे ‘हे कुणा जुन्याजाणत्याचे असावे’ असा संशयाचा फायदा त्यांना मिळाला.

तिसरा निर्णय: बक्षीस

सुरुवातीला कुणीतरी रोख बक्षिसासाठी वर्गणी सुचवली. ब यांनी नको म्हटले. गेमचे हक्क दुसऱ्याचे, एडिटर व्यावसायिक वापरासाठी दिलेला नाही आणि पैसा आला की प्रत्येक वादाला धार येते. हा मुद्दा इथेच संपला, आणि संपला हे बरे झाले. नंतर जे घडले ते पैसे मध्ये असते तर निस्तरलेच नसते.

मुदत संपली आणि चावी हरवली

डझनाहून जास्त लोकांनी नावे नोंदवली होती. मुदतीला सात मिशन आली. अशा स्पर्धेसाठी हे प्रमाण वाईट नाही.

शेवटच्या महिन्यात चाचणीची दडलेली अडचण वर आली. सातही स्पर्धक एकाच वेळी टेस्टर शोधू लागले आणि शोधत होते तीच पाच-सहा माणसे. माझ्याकडे एका आठवड्यात तीन झिप फाइली आल्या. मी दोन तपासल्या. एकीत जिन्याखालच्या जागेला रूम ब्रश नव्हता. रूम ब्रश म्हणजे आवाजाला वाट देणारी अदृश्य चौकट. ती नसली तर आवाजाचे गणित कोलमडते, शेजारी आरडाओरडा झाला तरी पहारेकरी ढिम्म. अशा चुका डोळ्यांना दिसत नाहीत, कुणीतरी तिथे जाऊन आवाज करून पाहावा लागतो.

सातही मिशन एकदम खुली झाली आणि मतदान सुरू झाले. चौथ्या दिवशी क यांना पत्र आले: एक मिशन एक्स्पर्टवर पूर्णच होत नाही. तळघराचे दार चावीशिवाय उघडत नाही, कुलूप हत्यारांनी निघत नाही आणि चावी कुठेच नाही.

ब यांनी एडिटरमध्ये उघडून पाहिले. निर्मात्याने दोन चाव्या ठेवल्या होत्या, एक टेबलावर आणि एक पहारेकऱ्याच्या कमरेला. एक्स्पर्टवर अवघड व्हावे म्हणून टेबलावरची चावी त्या पातळीवर नाहीशी होईल अशी सोय केली. हे योग्यच होते आणि तपासलेलेही होते. पण मुदतीच्या आदल्या रात्री त्याला वाटले, एक्स्पर्टवर पहारेकरीही जास्त तगडा हवा. म्हणून जुना पहारेकरी त्या पातळीवर गायब केला आणि त्याच्या जागी नवा उभा केला. चावीचा दुवा मात्र जुन्याकडेच राहिला; नव्याच्या कमरेला काहीच नव्हते. टेस्टरने एक्स्पर्ट खेळला होता, पण या बदलाच्या आधी.

आता काय करायचे? तिघांची तीन मते होती.

अ म्हणाले, काहीही करू नका. मुदत म्हणजे मुदत. जे आले तेच तोलायचे. नाहीतर ज्यांनी शेवटचा आठवडा नवे काही न घालता तपासण्यात घालवला त्यांच्यावर अन्याय. हा मुद्दा वजनदार होता.

क यांचे म्हणणे वेगळे होते. मतदार खेळायला बसतो तो मजेसाठी. अर्ध्यावर अडकला की तो त्या मिशनला दोन गुण देईल आणि त्यातले काही तर उरलेली मिशन उघडणारही नाहीत. शिक्षा एका स्पर्धकाला नाही, सगळ्या स्पर्धेला होईल.

ब यांनी मधली वाट सुचवली: फक्त अडकवणारा दोष दुरुस्त करू द्यावा, पण ही मुभा सातही जणांना एकाच वेळी मिळावी. चार दिवसांची खिडकी, बदलांची यादी सक्तीची, सजावटीला हात लावायचा नाही.

ब यांची वाट मान्य झाली आणि माझ्या मते उपलब्ध तिन्हींत तीच बरी होती. मात्र तिची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली, आणि दोन्हींचा अंदाज आधी कुणाला आला नव्हता.

पहिली किंमत सेव्ह फाइलींची. या इंजिनमध्ये जतन केलेल्या खेळात मिशनची जुनी अवस्था साठवलेली असते. दुरुस्त फाइल टाकली तरी जुन्या सेव्हवर तिचा परिणाम होत नाही. खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागतो. ज्यांनी दोन तास लपतछपत काढले होते ते वैतागले. चार मिशनांच्या नव्या आवृत्त्या आल्या होत्या, म्हणजे चार ठिकाणी हा वैताग.

दुसरी किंमत तपासणीची. ‘सजावटीला हात लावायचा नाही’ हे पाळले गेले की नाही, हे बघायचे कसे? मिशनची फाइल बायनरी असते. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ओळीमागून ओळ फरक दिसत नाही. ब यांनी दोन संध्याकाळी दोन्ही आवृत्त्यांतून चालून पाहिले आणि एका मिशनमध्ये एक दालन आधीपेक्षा उजळ वाटले. निर्मात्याला विचारल्यावर त्याने मान्य केले: मतदारांनी ‘फार काळोख आहे’ अशी कुरकूर केली होती, म्हणून दोन दिवे वाढवले. ते दिवे काढायला लावले. तो म्हणाला, ‘काळोखात जिन्यावरून पडून मरणे हाही अडकवणारा दोषच आहे.’ युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, पण एकदा ते मान्य केले असते तर खिडकी बंद करता आली नसती.

मतदान

गेमप्ले, देखणेपणा आणि कथा अशा तीन गोष्टींना दहापैकी गुण, आणि त्यांची सरासरी. कागदावर हे सोपे दिसते.

लहान मतदारसंख्येत सरासरी दगा देते. समजा दहा जणांनी मत दिले, नऊ जणांचे आठ गुण आणि एकाचे दोन. सरासरी ७.४ येते. एका रुसलेल्या मतदाराने मिशन दोन पायऱ्या खाली ढकलले. मध्यक, म्हणजे गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घेतला तर उत्तर आठच राहते. क यांनी मतदान चालू असताना हे मांडले, पण खेळ अर्ध्यावर असताना मोजणीची पद्धत बदलणे त्यांनाच प्रशस्त वाटेना. सरासरीच ठेवली.

दुसरा प्रश्न अपुऱ्या मतदानाचा. बरेच जण दोन-तीन मिशन खेळून थांबतात आणि ती दोन-तीन म्हणजे ज्यांची चित्रे आकर्षक ती. किमान पाच मिशन खेळलेल्यांचेच मत धरायचे, असा नियम पहिल्यापासून होता आणि तो कामी आला. त्यामुळे मतपत्रिका कमी झाल्या, पण उरलेल्यांनी तुलना करूनच गुण दिले होते. चाचणी केलेल्या मिशनला मत द्यायचे नाही, हाही नियम होता. त्याने मात्र उलटा परिणाम साधला. सर्वांत बारकाईने खेळणारी माणसे तीच, आणि त्यांच्याकडे मत द्यायला पाच मिशन उरेनात. टेस्टरांपैकी निम्मे असे दोन नियमांच्या कात्रीत सापडून बाहेर पडले.

निकाल

पहिले आलेले मिशन एका नवख्याचे होते: धान्याच्या उभ्या कोठारासारखी जागा, एकच जिना आणि पाच पहारेकरी. त्याच्यात कुठेही नवी वस्तू, नवे पोत किंवा नवे आवाज नव्हते. गेममध्ये होते तेवढेच वापरले होते. एका पहारेकऱ्याची फेरी दुसऱ्याच्या फेरीशी अशी बांधली होती की थांबायला सुरक्षित जागा सतत बदलत राहायची. देखणेपणात ते तिसरे-चौथे होते, गेमप्लेमध्ये बरेच पुढे.

हरवलेल्या चावीचे मिशन मधल्या क्रमांकावर राहिले. दुरुस्तीआधी आलेली मते बदलायची मुभा होती, पण फार थोड्यांनी ती घेतली. स्वप्नाची खोली पाडलेला स्पर्धक दुसरा आला आणि निकालानंतर त्याने ती खोली परत जोडून वेगळी आवृत्ती काढली. मुदत न गाठलेल्यांपैकी दोघांनी काही महिन्यांनी आपापली मिशन स्पर्धेबाहेर प्रसिद्ध केली. त्यांतले एक, मला विचाराल तर, सातही मिशनांपेक्षा सरस आहे. ते घनात बसतच नव्हते.

पुन्हा करायचे झाल्यास

घन ठेवावा. पण ‘खेळाडू जिथे उभा राहू शकतो’ ही व्याख्या पहिल्या दिवशीच द्यावी आणि सोबत एक रिकामी मिशन फाइल, ज्यात घनाच्या कडा आधीच आखलेल्या आहेत. प्रत्येकाने तीच उघडून बांधायला सुरुवात केली की मोजण्याचा प्रश्नच उरत नाही.

चाचणीची जबाबदारी स्पर्धकावर टाकणे चालणार नाही. आयोजकांनी टेस्टरांची यादी आधी करावी, प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन मिशन द्यावीत आणि त्या दोन सोडून बाकीच्यांवर त्याचे मत किमान संख्येची अट न लावता धरावे. जोडी करताना एक सोटेवाला आणि एक घोस्टिंग करणारा, अशी करावी.

मतांची मोजणी मध्यकाने व्हावी आणि तसे घोषणेतच लिहावे. बरोबरी झाली तर सरासरी बघता येईल.

खरा बदल मात्र मुदतीत हवा. एक मुदत असली की शेवटच्या रात्री काहीतरी बदलण्याचा मोह होणारच. चावी नेमकी त्या रात्री हरवली. त्याऐवजी दोन मुदती ठेवाव्यात. पहिलीला मिशन आयोजकांकडे जमा होते आणि त्यानंतर नवे काही घालता येत नाही. पुढचे तीन आठवडे त्याच फाइलीवर तिन्ही पातळ्यांची चाचणी होते आणि फक्त टेस्टरने नोंदवलेले दोष दुरुस्त होतात. दुसऱ्या मुदतीला दुरुस्त फाइल येते, टेस्टर ती एक्स्पर्टवर एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळतो आणि मगच ती मतदारांकडे जाते. अ यांचा याला अजूनही आक्षेप आहे: तीन आठवडे हातावर हात ठेवून बसणे कुठल्याच निर्मात्याला जमत नाही, कुणीतरी दिवे वाढवणारच. ब यांचे उत्तर असे की पहिल्या मुदतीची फाइल आपल्याकडे असेलच, तेव्हा वाढवलेले दिवे काढून टाकायला फार तर एक संध्याकाळ जाईल. पुढच्या स्पर्धेची घोषणा या एका मुद्द्यावर अडली आहे.